सात नंबरचा ठोका

१

गुरुवारी दुपारी सात नंबरचा ट्रक फाटकातून आत आला आणि मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

आमच्या आवारात अकरा ट्रक आहेत आणि अकराच्या अकरा आवाज मला पाठ आहेत. तोंड भिंतीकडे करून बसलो तरी कोणता आला, कोणता गेला, कोणाचा पट्टा सैल झालाय ते मी सांगतो. सात नंबर मंगळवारी सकाळी गेला तेव्हा खर्जात घुमत गेला होता. आता त्याच्या पोटात कोणीतरी हातोडी घेऊन बसलं होतं. ठक, ठक, ठक. आवारातली माणसं काम सोडून बघायला लागली.

मालकीणबाई ऑफिसातून बाहेर आल्या. नवरा गेल्यापासून हा सगळा गाडा त्या एकट्या ओढतात. शब्दाच्या पक्क्या. एकदा बोलल्या की बोलल्या.

"मिस्त्री, हे काय?"

"ठोका आहे."

"ते मलाही ऐकू येतंय. सोमवारी या ट्रकाचं काम कोणी केलं होतं?"

मी तोंड उघडायची काही गरज नव्हती, पण उघडलं. "आमच्या जावईबापूंनी."

जावई फडक्याला हात पुसत शेडमधून आला. "मीच केलं होतं," तो म्हणाला. "इंजेक्टर साफ केले, हवेच्या कॉम्प्रेसरच्या रिंगा बदलल्या, पंख्याचा पट्टा नवा टाकला."

मालकीणबाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "रविवारी सकाळी हा ट्रक माल घेऊन निघायला हवा. मिस्त्री, शनिवारी दुपारपर्यंत मला दोन गोष्टी शोधून सांगा. ठोका कुठे आहे, आणि कोणाच्या हातून झालाय. ज्याच्या हातून झालाय त्याच्या हातात मी परत पाना देणार नाही. मग तो कोणीही असो."

मला आनंद झाला. लपवून काय करू? जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. माझ्या पत्रिकेत तो चार वर्षांपूर्वी येऊन बसला आणि हललेला नाही. त्याच्याआधी या शेडमध्ये माझ्या कानाला मान होता. माझी पोरगी इथलं स्टोअर सांभाळते. पूर्वी मी ट्रकाखाली शिरलो की दिवा धरायला तीच यायची, "बाबा, हा कसला आवाज?" म्हणून विचारायची. आता दिवा त्याच्यासाठी धरते, आणि विचारतेही त्यालाच. बंदरावरच्या मोठ्या कारखान्यातून त्याला दोनदा बोलावणं आलं. पोरगीच नको म्हणाली म्हणून तो इथे आहे. इथून त्याला काढलं तर तो तिकडे जाणार, आणि तीही त्याच्या मागोमाग जाणार. एवढं सगळं मला कळत होतं, तरी आनंद झालाच.

मी माझा लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला, की आतली कुजबुजसुद्धा ऐकू येते. मी ट्रकापाशी गेलो. ट्रकाने एक फुसकारा सोडला. मी टोक टेकवलं आणि ठोका बंद झाला.

२

पाच मिनिटं मी कान लावून उभा होतो. इंजिन लोण्यासारखं चालत होतं.

"तुमच्यापुढे लाजतोय," ड्रायव्हर म्हणाला.

या ड्रायव्हरला आम्ही इस्त्री म्हणतो. ट्रक हाकणाऱ्या माणसाच्या शर्टाला एवढ्या घड्या मी आजवर पाहिल्या नाहीत. सात नंबर त्याच्याकडे दोन महिन्यांपूर्वी आला. आधीच्या ड्रायव्हरकडून काढून त्याला दिला. मी त्याला बाकावर बसवलं आणि जबानी घ्यायला सुरुवात केली.

"पहिल्यांदा कधी ऐकलास?"

"आज सकाळी. घाट उतरताना."

"चढताना नाही?"

"चढताना काहीच नाही. तेच तर म्हणतो मी. पूर्ण माल, दुसरा गिअर, इंजिन ऊर फुटेस्तोवर ओढत होतं, तरी ठोका नाही. वळणावळणाने ब्रेक मारत उतरायला लागलो आणि ठकठक सुरू. सपाटीला लागलो, थोड्या वेळाने गप्प. गावात शिरलो, सिग्नलला थांबत थांबत आलो, तर परत सुरू."

मला हे पटेना. बेअरिंग गेलं असेल तर इंजिन ओझ्याखाली ओरडायला हवं. हे उलटंच होतं.

"आणि सोमवारच्या कामानंतर कोणी हात लावला?"

इस्त्रीने कॉलर सारखी केली. "हात लावला की नाही ते सांगता येत नाही. पण बुधवारी संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर गवई दिसला मला. माझ्या ट्रकाखालून बाहेर येत होता. मी हाक मारली तर पळाला."

गवई म्हणजे सात नंबरचा आधीचा ड्रायव्हर. सदा गुणगुणतो म्हणून गवई. ट्रक काढून घेतल्यापासून इस्त्रीचं नाव काढलं तरी त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

एवढ्यात जावई आला. कोणत्याही ट्रकाला हात लावण्याआधी त्याची एक सवय आहे. खाली वाकून हवेच्या टाकीची कडी ओढतो आणि साठलेलं पाणी सोडून देतो. सुस्स करून हवा निघते, पाण्याची पिचकारी उडते, मग गडी कामाला लागतो. त्याने कडी ओढली, उभा राहिला, चालू इंजिनावर हात ठेवला.

ठक, ठक, ठक.

माझ्यापुढे मूग गिळून बसलेला ट्रक त्याच्यापुढे बोलायला लागला. माझ्या अंगाचा कसा तिळपापड झाला म्हणून सांगू.

३

गवई शुक्रवारी सकाळी टायरांच्या ढिगावर बसलेला सापडला. मी समोर जाऊन उभा राहिलो तशी गुणगुण थांबली.

"बुधवारी सात नंबरखाली काय करत होतास?"

"कोण म्हणतं?"

"इस्त्री म्हणतो."

"त्याला काय दिसतं? शर्टाला डाग पडला तर दिसतो." तो ढिगावरून खाली उतरला. मग म्हणाला, "मिस्त्री, नऊ वर्षं चालवला मी तो ट्रक. पोरांना शाळेत सोडायला कधी गेलो नाही, पण याला रोज सकाळी पुसला. आता हा बाबा आरशात भांग पाडतो आणि निघतो. टाकीतलं पाणी काढत नाही. पाणी साठलं की ब्रेकच्या नळ्या गंजतात. बुधवारी आमचे ट्रक एकाच तळावर लागले. तो जेवायला गेला तेव्हा मी जाऊन कडी ओढली, पाणी सोडलं, आणि आलो. एवढंच."

"चोरून?"

"उघड कसा जाऊ? ट्रक त्याचा आहे आता." हे म्हणताना त्याचा आवाज असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. "तुम्हाला नाही कळायचं ते."

मला कळत होतं. चांगलंच कळत होतं. आपण वाढवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात सुखात आहे, हे बघवत नाही. ती दुःखात असेल तर एक वेळ चालतं, निदान आपण आठवतो तरी.

गवयावर माझा विश्वास बसला. म्हणजे उरले कोण? सोमवारी काम करणारा हात.

स्टोअरकडे वळलो तर पोरगी खिडकीपाशी उभी होती. स्टोअरच्या भिंतीवर खिळ्यांना पॅकिंगं टांगलेली असतात. दोन लोखंडी भाग जोडताना मध्ये जो जाड कागद घालायचा, तेल गळू नये म्हणून, ते पॅकिंग. बाजारात तयार मिळतं, पण आमच्या शेडमध्ये ते हाताने कापायची रीत आहे. लोखंडाला काजळी फासायची, त्यावर कागद दाबायचा, ठसा उमटला की गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने ठोकत कापायचा आणि भोकं पाडायची. मी कापलेल्या पॅकिंगला एका कोपऱ्यात शेंडी असते, खिळ्याला अडकवण्यापुरती. माझ्या उस्तादाची ती पद्धत. जावई शेंडी ठेवत नाही. त्याची पॅकिंगं खोक्यात सरळ झोपलेली असतात, शहाण्या पोरांसारखी.

पोरीने माझं एक पॅकिंग उजेडाकडे धरलं होतं आणि डोळे बारीक करून बघत होती.

"काय शोधतेस?" मी म्हणालो. "खोट? नवऱ्याने सांगितलंय का?"

तिने पॅकिंग पटकन खिळ्याला लावलं. "धूळ झटकत होते, बाबा."

हे ती आजच करत होती असं नाही. गेले कित्येक महिने मी तिला असं खिडकीशी बघत होतो. तिथे धूळ नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं.

४

शुक्रवारी अकरा वाजता मी सगळ्यांना ट्रकाभोवती बोलावलं. जावयाने सवयीप्रमाणे कडी ओढून पाणी सोडलं. इंजिन सुरू झालं, ठोका सुरू झाला. या वेळी मी समोर असूनही सुरू झाला, म्हणजे ट्रकालाही थोडी लाज होती.

"सहा सिलिंडर आहेत," मी मालकीणबाईंना समजावलं. "एकेकाच्या डिझेलच्या पाइपचा नट मी सैल करणार. त्या सिलिंडरचं डिझेल तुटेल. ज्याचं डिझेल तुटल्यावर ठोका थांबेल, तो चोर."

पोरीने पान्यांच्या नंबरांची चिठ्ठी पुढे केली. मी ती तशीच परत दिली. "मुंगीएवढं अक्षर काढतेस. वाचून दाखव." तिने वाचून दाखवलं. शेडमधले दिवे हल्ली फार मंद झालेत, आणि पाने बनवणारे नंबरही पूर्वीसारखे खोल कोरत नाहीत. एकदा जावई म्हणाला होता, "मामा, डोळे दाखवून या एकदा." त्यानंतर दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नव्हतो. नट मला बघावे लागत नाहीत, बोटांना कळतात.

पहिला नट. ठोका तसाच. दुसरा, तिसरा, चौथा. तसाच. माझा संशय तिसऱ्यावर होता, तो फुकट गेला. पाचवा सैल केला, काही नाही. ट्रकाने फुसकारा सोडला. मी सहावा नट फिरवला आणि ठोका थांबला.

"सहा नंबर," मी म्हणालो. "सहाव्यात डिझेल सोडणारा इंजेक्टर. सोमवारी साफ कोणी केला?"

पोरीने नवऱ्याकडे पाहिलं. मालकीणबाई काहीतरी बोलणार इतक्यात जावई शांतपणे म्हणाला, "मामा, नट परत आवळून बघू या. ठोका परत यायला हवा."

त्याने नट आवळला. सहाही सिलिंडर चालू झाले. आम्ही वाट बघत राहिलो. ठोका आला नाही. पाच मिनिटं गेली, तरी इंजिन देवळातल्या माणसासारखं शांत होतं.

"मग सहावा नाही," तो म्हणाला. "नट सैल करणं आणि ठोका थांबणं एकाच वेळी झालं, एवढंच."

"मग काय आहे ते तुम्हीच सांगा, जावईबापू."

"मला अजून कळलेलं नाही," तो म्हणाला.

हे असं त्याचं असतं. मला कळलेलं नाही, असं चारचौघांत सरळ म्हणतो आणि लोक त्यालाच मान देतात. मी चाळीस वर्षांत एकदाही असं म्हटलेलं नाही.

मालकीणबाईंनी हातावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "उद्या दुपारी बारा," त्या म्हणाल्या.

५

शनिवारी सकाळी मी घरी पेपर घेऊन बसलो होतो. बायको म्हणाली, "तो पेपर समोरच्या भिंतीला टांगा आता. हात संपला तुमचा."

"छपाई बिघडलीय."

"सगळ्या गावाची छपाई चांगली, आपल्याच घरी येणारी बिघडते." तिने चहा ठेवला. "चेहरा का पाडलाय? कान चालेना का?"

"कान चालतो. ठोका माझ्यापुढे थांबतो आणि जावयापुढे सुरू होतो, त्याला कानाने काय करायचं?"

"थांबतो त्याच्या आधी काय ऐकू येतं?"

बायकोने मला डिवचायला विचारलं होतं. पण मी डोळे मिटले आणि कान मागे नेले. गुरुवारी मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, त्याच्या आधी काय? फुसकारा. शुक्रवारी सहाव्या नटाच्या आधी काय? फुसकारा. हवेच्या टाक्या भरल्या की ट्रक तो सोडतो. दिवसातून शंभर वेळा ऐकतो आपण, म्हणून ऐकतच नाही. आणि ठोका सुरू होण्याच्या आधी काय? सुस्स. जावई कडी ओढतो, टाकी रिकामी होते. घाटात इस्त्री ब्रेक मारतो, ब्रेक हवेवर चालतात, म्हणून तिथेही हवा खर्च होते.

टाकी रिकामी झाली की ठोका. टाकी भरली की गप्प. टाकी भरतो कोण?

मी चहा न पिता उठलो.

अकरा वाजता सगळे ट्रकाभोवती होते. इंजिन चालू, टाक्या भरलेल्या, ठोका नाही. मी इस्त्रीला वर बसवलं. "ब्रेक दाब. सोड. दाब. सोड." सहा-सात वेळा दाबल्यावर हवेच्या दाबाचा काटा खाली आला असणार, कारण ठकठक सुरू झाली. "आता पाय काढ." आम्ही थांबलो. फुसकारा आला, आणि त्याच्यापाठोपाठ शांतता.

"इंजिनाला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "ठोका कॉम्प्रेसरचा आहे. हा इंजिनाच्या कुशीत बसवलेला छोटा पंप. ब्रेकची हवा हा भरतो. हवा भरायची वेळ आली की कामाला लागतो आणि ओरडतो. टाकी भरली की नुसता फिरतो, मग गप्प. अंगावर बसलाय म्हणून इंजिनच ओरडतंय असं वाटतं."

गवयाने मान डोलावली. मालकीणबाईंच्या कपाळावरची आठी गेली. जावई माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, अगदी खरं कौतुक. त्याचाही मला राग आला.

"पहिली गोष्ट झाली," मालकीणबाई म्हणाल्या. "दुसरी?"

मी पाना उचलला. "सोमवारी हा कॉम्प्रेसर खोलून परत बसवला कोणी, ते त्यांनी स्वतःच सांगितलंय. आता फक्त काय चुकवलं ते बघू."

पोरगी स्टोअरच्या दारात उभी होती. ती पुढे आली नाही.

६

कॉम्प्रेसर उतरवायला पाऊण तास लागला. आतलं बेअरिंग झिजून हलत होतं, कोरडं ठणठणीत. गिअरवरून उडणाऱ्या तेलाच्या शिंतोड्यांवर बिचारा दोन दिवस तगला होता.

"तेल पोचलं नाही," मी म्हणालो. "इंजिनातलं तेल एका बारीक भोकातून याच्यात येतं. मध्ये पॅकिंग असतं, त्यात त्या भोकासमोर भोक लागतं." मी बोटं फिरवली. बोल्टांची चार भोकं होती. पाचवं, काडीएवढं, असायला हवं तिथे कागद सलग होता. मी तो चिकटलेला कागद सोलून काढला आणि सगळ्यांना दाखवला. "हे बघा. भोकच नाही. हे पॅकिंग घातलं, तेल बंद झालं, बेअरिंग गेलं."

"कोणी कापलं हे?" मालकीणबाईंनी विचारलं.

मी कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवत होतो, विजयाच्या थाटात, आणि अंगठा एका कोपऱ्यावर अडला.

शेंडी होती.

खिळ्याचं भोकसुद्धा होतं. चाळीस वर्षं जी शेंडी मी न बघता ठेवतो, ती मला न बघता कळली. सोमवारी सकाळी मीच काजळीचा ठसा घेऊन हे कापलं होतं आणि खिळ्याला लावलं होतं. चार मोठी भोकं मला दिसली होती. पाचवा ठसा, काडीएवढा, दिसला नव्हता.

शेंडी एवढीशी होती आणि कागद तेलाने भिजून मऊ झाला होता. अंगठा आणि बोट एकदा दाबलं असतं तर ती तुटून हातात आली असती, आणि मग ते पॅकिंग कोणाचंही झालं असतं.

"बसवलं मी," जावई म्हणाला. "बसवण्याआधी उजेडात धरून बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

हवं होतं ते सगळं आयतं माझ्या पदरात पडलं. त्याने स्वतः कबूल केलं, मालकीणबाईंनी स्वतः ऐकलं. मी फक्त बोटं दाबायची होती.

पण माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. हा माणूस कारखान्यातून सीलबंद आलेलं पॅकिंगसुद्धा उजेडात धरतो. स्वतः कापलेलं दोनदा धरतो. पट्टा, वॉशर, नळी, काही म्हणून तपासल्याशिवाय लावत नाही. त्यावरून मी त्याची किती टिंगल केलीय. मग हे एकच का बघितलं नाही? कारण हे माझ्या खिळ्यावरचं होतं. माझ्या हातचं तपासायचं त्याच्या मनात आलं नाही. आणि आत्ताही, शेंडी त्याला माझ्या बोटांत दिसत असताना, तो शेंडीचं नाव काढत नव्हता.

पोरगी जमिनीकडे बघत होती.

"शेंडी माझी आहे," मी म्हणालो. पॅकिंग पुढे धरलं आणि म्हणालो, "मालकीणबाई, हे पॅकिंग मी कापलंय. भोक मी विसरलो. विसरलो पण नाही, मला ते दिसलंच नाही. याने माझ्यावर भरवसा ठेवून बसवलं, एवढाच याचा गुन्हा."

मी पाना बाकावर ठेवला. तेवढा आवाज त्या शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेला असणार.

मालकीणबाईंनी बाकावरचा पाना उचलून जावयाच्या हातात दिला. "शब्द तर मी दिलाय," त्या म्हणाल्या. "शेड आजपासून जावई बघतील. तुम्ही डोळे दाखवून या, मिस्त्री. तोवर पान्याला हात लावायचा नाही. खुर्ची टाकून बसा आणि ऐका. आजचा ठोका तरी दुसऱ्या कोणाला सापडला नसता."

७

मी स्टोअरमध्ये जाऊन बसलो. पोरगी मागून आली.

"सोमवारी तू कुठे होतीस?" मी विचारलं. कशाला विचारलं ते मलाही ठाऊक नव्हतं. तपास करायची सवय लागली होती दोन दिवसांत.

"दाढ काढायला गेले होते, बाबा. दुपारी आले तोवर ह्यांनी कॉम्प्रेसर बसवला होता." तिने खणाकडे नजर टाकली. "त्या एका दिवशी मी नव्हते."

"म्हणजे?"

तिने खणाच्या मागून औषधाच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी काढली आणि माझ्या तळहातावर उपडी केली. कागदाच्या बारीक गोल चकत्या होत्या, कुठे मसुराएवढ्या, कुठे मोहरीएवढ्या. मी त्या बोटाने मोजल्या. चौदा होत्या.

"तुमच्याकडून राहिलेली भोकं," ती म्हणाली. "मागच्या वर्षीपासून. खिडकीशी धरून बघायचे आणि राहिलं असेल तर पाडायचे. चकत्या टाकवल्या नाहीत."

मला आठवलं, मी तिला विचारलं होतं, नवऱ्याने सांगितलंय का. तिला काय वाटलं असेल.

"मला का नाही सांगितलंस?"

"दोन दिवस बोलला नसतात."

"दोन काय, चार बोललो नसतो," मी म्हणालो. मग जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. "जावयाला ठाऊक आहे?"

"नाही."

"त्याला तर तू सगळं सांगतेस."

"हे नाही सांगितलं," ती म्हणाली. "हे तुमचं आणि माझं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी सोमवारी तुमचंही उजेडात धरलं असतं, आणि ट्रक वाचला असता. चूक माझी पण आहे, बाबा."

मी चकत्या परत डबीत भरल्या. एक बोटाला चिकटून राहिली होती, ती तिने काढली. चार वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो, त्याला माहीत नसलेली एक गोष्ट तिने माझ्यासाठी वर्षभर सांभाळली होती, आणि मी तिच्यावरही जळत होतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर दिवे, छपाई, पाने आणि पोटची पोरगी, सगळंच वाकडं ठरवलं होतं.

८

सात नंबर रविवारी वेळेवर गेला, दुसरा कॉम्प्रेसर लावून. नवं पॅकिंग जावयाने कापलं. त्याला शेंडी ठेवली होती. मी विचारलं नाही का म्हणून.

चष्मेवाला म्हणाला, जवळचं कधीच गेलंय आणि लांबचंही निघालंय. त्याने जाड काचा दिल्या, वर एक नंबर, खाली एक. बुधवारी मी त्या लावून शेडमध्ये खुर्ची टाकून बसलो.

काय काय दिसायला लागलं म्हणून सांगू. पान्यांवरचे नंबर खोलच कोरलेले आहेत. पोरीचं अक्षर टपोरं आहे. इस्त्रीच्या शर्टाला कोपराशी ठिगळ आहे. आणि पोरीच्या कपाळाशी दोन केस पांढरे झालेत, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

जावई ट्रकाखालून बाहेर आला. त्याच्या कानामागे काळ्या वंगणाचा बोटभर पट्टा होता. पोरगी दिवा घेऊन शेजारीच उभी होती. तिने खांद्यावरचं फडकं घेतलं, त्याची हनुवटी जरा वळवली आणि तो पट्टा पुसून काढला, हळूच, बोलता बोलता, रोजचं काम असल्यासारखी. पूर्वी ती माझा पुसायची. दिसत नव्हतं तेच बरं होतं, असं वाटून गेलं. माणूस एवढ्या तेवढ्याने सुधारत नाही.

मग ती माझ्याकडे आली. "बाबा, काचा किती मळवल्यात," म्हणाली, आणि चष्मा माझ्या नाकावरून उचलून त्याच फडक्याने पुसायला लागली.

सगळं वंगण काचांना लागलं. तिने चष्मा परत माझ्या नाकावर ठेवला आणि विचारलं, "आता दिसतंय?"

मला समोर नुसता काळा धूर दिसत होता. "दिसतंय," मी म्हणालो.